यवतमाळात मोजलेली समुद्राची हवा

यवतमाळ जिल्ह्यातून समुद्र दिसत नाही. तरीही बाभुळगावजवळच्या एका टेकडीवर, पत्र्याच्या केबिनमध्ये, काही पावसाळे समुद्राची हवा मोजली गेली. ते यंत्र सांभाळण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे होते. त्याआधीची वर्षे जिल्ह्यातल्या एका दैनिकाच्या डेस्कवर गेली. बातमीत ‘मी’ येत नाही, ही तिथली पहिली शिकवण. ती इथे पाळता येईल तितकी पाळली आहे.

आधी काम काय होते ते सांगायला हवे, कारण ते विचारल्याशिवाय आजवर एकाही माणसाने चहा संपवलेला नाही.

समुद्रावरची हवा स्वच्छ असते, पण रिकामी नसते. पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळामुळे गंधकाचा एक वायू वर येतो. उन्हात त्याचे आम्ल होते. या आम्लाचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि लगेच सुटतात. त्यांना बांधून ठेवायला दुसरे कोणी लागते. ते काम अमोनिया करतो. त्याच्या जवळच्या नात्यातले अमाइन नावाचे वायू ते अधिक चांगले करतात. सुकटीच्या बाजारात जो वास नाकात बसतो, तो अशाच एका अमाइनचा. आम्ल आणि हे वायू एकत्र आले की साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारा कण जन्माला येतो. तो पुरेसा वाढला तर त्याच्याभोवती पाण्याचा थेंब धरतो. अशा थेंबांचा ढग होतो.

पुण्या-मुंबईकडच्या एका संशोधन संस्थेला पाहायचे होते की समुद्रावरून निघालेली हवा घाट चढून, अर्धा महाराष्ट्र ओलांडून वऱ्हाडात पोचते तेव्हा तिच्यात समुद्राचे काय उरते. त्यांचे एक ठाणे कोकण किनाऱ्यावर होते. दुसरे आमच्या टेकडीवर आले, कारण तिच्या पश्चिमेला नुसते गवताचे राखीव रान होते. त्या बाजूला शेत नाही, गोठा नाही, चूल नाही. पूर्वेच्या पायथ्याशी मात्र बंजाऱ्यांचा तांडा आणि कापसाची शेते होती. वारा पश्चिमेचा असला तरच पंप चालू ठेवायचा.

मोजण्याची रीत अशी. छतावरून बाहेर काढलेल्या नळीतून पंप हवा आत ओढतो. ती हवा काचेच्या दुसऱ्या नळीतून जाते. या नळीची आतली बाजू सौम्य आम्लाने सतत ओली ठेवलेली असते. अमोनिया आणि अमाइन त्या ओलीत विरघळतात. तो द्रव पुढच्या यंत्रात गेला की प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळी बाहेर पडतो आणि पडद्यावर एकेक शिखर उमटते. शिखर मोठे तर पदार्थ जास्त.

अडचण अशी की हे वायू समुद्राच्या हवेत नावाला असतात आणि माणसात भरपूर. घामात अमोनिया, लघवीत अमोनिया, श्वासात अमोनिया. किनाऱ्यावर शिकाऊ असताना तिथल्या वरिष्ठांनी पहिल्या दिवशी सांगितले होते, “यंत्र ठीक असतं. बिघाड आपण असतो.” समुद्रात मोजणी करणाऱ्या संस्थेच्या जहाजावर तर वारा मागून आला की मोजणी थांबवत. नाहीतर समुद्र म्हणून आपल्याच धुराड्याची आणि स्वयंपाकघराची नोंद व्हायची.

टेकडीवर पहिला बिघाड निघाला तो सकाळचा. वारा पश्चिमेचा, रान ओले, आणि तरी रोज उजाडताच अमोनियाचे उंच शिखर. आठवडाभर नळ्या बदलून झाल्या. मग एका पहाटे लवकर जाऊन पाहिले, तर तांड्यातल्या गोमलीबाई केबिनच्या चारही बाजूंनी शेणाचा सडा घालत होत्या. त्यांचे घर टेकडीला सर्वांत जवळचे. राखणही त्याच करायच्या.

“गोमलीबाई, हे काय करता?”

“सडा टाकून राह्यली. मशीन पावन्यावानी आली आमच्या इथं. तिच्या दारात असंच उकिरडं ठेवू काय?”

शेणातून अमोनिया उडतो हे त्यांना समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “म्हंजे तिले घान पाह्यजे.”

“घाण नको. काहीच नको.”

“काहीच नको असनारी पावनी पह्यल्यांदाच पाह्यली बाप्पा.”

सडा थांबला. शिखर गेले. तांड्यात मात्र बरेच दिवस चर्चा होती की सरकारी मशीन शेणाने बाटते.

ढाणकीच्या एका कापूस व्यापाऱ्याची आठवणही सांगण्यासारखी आहे. कोणाकडून तरी ऐकून ते यवतमाळच्या कामात वाकडी वाट करून टेकडीवर आले. हातात गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी, फुगलेली. त्यात त्यांच्या गोदामातली हवा होती. गंजीतला कापूस आतून तापतो आहे की नाही, एवढेच त्यांना हवेवरून जाणून घ्यायचे होते. हे यंत्र ते सांगू शकत नाही असे म्हटल्यावर त्यांनी गाठ सोडली, पिशवीची घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, “मंग एवढ्या महागाची हवा कायले मोजता जी?” त्या वर्षांत कापसाशी संबंधित माणसाने असे विचारणे गैर नव्हते. बोंडअळी परत आली होती. कापूस माणसाच्या खांद्यापर्यंत वाढला होता, फवारणीवर फवारणी चालू होती, आणि यवतमाळच्या बातम्या बाहेरगावची दैनिकेही पहिल्या पानावर घेत होती.

हे सर्व ज्यासाठी लिहायला घेतले, ते युसूफभाईंचे आहे.

युसूफभाई बाभुळगावचे. बसस्थानकापासून जवळ त्यांचे दुकान. मोटारी, इंजिने, आणि पावसाळ्यात मुख्यतः फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. संस्थेचा माणूस यायला दोन दिवस लागत, म्हणून हवा ओढणारा आमचा पंप पहिल्यांदा बंद पडला तेव्हा त्यांना बोलावले. ते आले, पंपावर कान ठेवला आणि म्हणाले, “आतली पट्टी गेली. लोहाऱ्याहून लेथवर करून आनतो.” ती पट्टी संस्थेने पाठवलेल्या पट्टीपेक्षा जास्त टिकली. त्यानंतर पंप त्यांच्याकडेच राहिला.

त्यांची एक सवय होती. नळी कुठे तुंबली आहे, झडप धरते की नाही, हे ते तोंडाने तपासायचे. नळीचे टोक ओठांत धरायचे, ओढायचे, फुंकायचे. तो त्या भागातल्या सगळ्याच पंपवाल्यांचा रिवाज. फवाऱ्याच्या नोजलचे भोक इतके बारीक की सुई घातली तर ते मोठे होते आणि औषध तुषाराऐवजी धारेने पडते. म्हणून कचरा तोंडानेच काढायचा. शेतकरी तसेच करत, मजूर तसेच करत. युसूफभाई दिवसात कितीतरी नोजले तशीच मोकळी करत. मग थुंकत आणि चूळ भरत.

आमच्या नळीला त्यांनी तोंड लावले त्या दिवशी अमोनियाचे शिखर पडद्याच्या वर निघून गेले.

“युसूफभाई, तोंड लावायचं नाही.”

“काहून? मी पान खात नाही, बिडी पीत नाही.”

“तुमच्या श्वासात अमोनिया आहे.”

ते हसले. “माह्या एकट्याच्या?”

“सगळ्यांच्या.”

“मंग ठीक आहे. मले वाटलं, घरी शबानाले सांगा लागते का काय.”

तरी सवय सुटेना. हात कामात असले की नळी आपोआप ओठांकडे जायची. दर वेळी ती नोंद बाद करावी लागायची आणि दर वेळी त्यांना सांगावे लागायचे. शेवटी संस्थेकडून एक रबरी फुगा मागवला. रक्तदाब मोजायच्या यंत्राला असतो तसा, पण दोन्हीकडे चालणारा. दाबला की फुंकतो, सोडला की ओढतो. युसूफभाईंनी तो हातात घेऊन बराच वेळ दाबून पाहिला. गालाशी धरून वारा घेतला.

“हे काम तोंडाचंच करते जी.”

“तुमच्याजवळच ठेवा.”

त्यांनी तो फुगा मलमलीच्या फडक्यात गुंडाळून हत्यारांच्या थैलीत सर्वांत वर ठेवला. त्यानंतर आमच्या नोंदीत त्यांचा श्वास कधी आला नाही.

तो दिवस भाद्रपदातला. वारा सकाळपासून पश्चिमेचा होता, पावसाळा सरत आल्यावर असा वारा आठवड्यातून एखाद्या दिवशी मिळतो. पंपाचा आवाज मात्र बदलला होता. युसूफभाईंना निरोप गेला. ते दुपारी मोटारसायकलवरून वर आले, थैली उघडली, फुगा लावून झडप तपासली, पट्टी बदलली. लेखक केबिनमध्ये आकडे पाहत होता. काम झाल्यावर ते बाहेर दगडावर बसले. थोड्या वेळाने त्यांनी हाक मारली, “साहेब, डोळ्यापुढं धुकं येऊन राह्यलं.” बाहेर येऊन पाहिले तर अंग घामाने भिजलेले, तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. दंडाचे स्नायू आपोआप उडत होते. तोंडाला फवारणीच्या औषधाचा वास होता.

तांड्यातल्या एका जीपने त्यांना यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेले.

त्या पावसाळ्यात तिथे हे औषध अंगात गेलेले दोन प्रकारचे लोक येत. काही प्यायलेले, काही फवारताना बाधलेले. डॉक्टरांना दोघांवर इलाज एकच करावा लागे आणि तो त्यांनी लगेच सुरू केला. फरक पुढे कागदावर पडे. डेस्कवर असताना अशा मृत्यूंसाठी चार ओळींचा साचा होता. त्यातली एक ओळ, ‘विषारी औषध प्राशन करून’, हात न थांबता लिहिली जाई.

दवाखान्यातल्या चौकीवरच्या हवालदाराने विचारले, “केव्हा पेला?”

“ते प्यायलेले नाहीत. नोजल तोंडाने साफ करायची त्यांची सवय आहे.”

“तोंडाले वास आहे.”

“नोजल तोंडात धरलं तर वास येणारच.”

हवालदाराने लेखणी थांबवली. “तुमी पेपरात होते ना पह्यले? वळखतो मी. मंग बरोबर सांगा. आज त्याले नोजल तोंडात धरताना डोळ्यानं पाह्यलं?”

“आज नाही. आधी अनेकदा पाहिलं आहे.”

“आजचं इचारून राह्यलो मी.”

“आज मी केबिनमध्ये होतो. आमच्या यंत्रावर त्यांनी तोंड लावलं नाही. रबरी फुगा वापरला.”

“म्हंजे तोंडानं करतच नव्हता.”

युसूफभाईंचे थोरले भाऊ हनीफभाई तोवर आले होते. युसूफभाई शुद्धीवर नव्हते आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. त्यांनी लेखकाचा दंड धरला. “साहेब, पाह्यलं म्हना ना. एकडाव म्हना. आमच्यात जहर पेऊन मरनं लय मोठा गुनाह आहे. जनाज्याले लोक येतीन, पन मनात काय घेऊन येतीन? त्याच्या पोरीले उद्या शाळेत पोरं काय म्हनतीन?”

जे पाहिले नाही ते पाहिले असे सांगता आले नाही. हवालदार वाईट माणूस नव्हता. त्याने कागद उलटा ठेवला. “उद्या सकाळी वर पाठवा लागते. तोवर पाह्यनारा कोनी असन तं आना. नाहीतं मले जे दिसते तेच लिहीन.”

हनीफभाई बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. मग म्हणाले, “तुमी त्याले मना करत होते म्हने. घरी सांगत होता तो. साहेब तोंड लावू देत नाही म्हने.”

“हो.”

“जहर पोटात जाईन म्हनून?”

“नाही. यंत्रासाठी. श्वासाने मोजणी बिघडते म्हणून.”

हनीफभाईंनी मान हलवली. “त्याले वाटे, त्याच्यासाठीच सांगता.”

संध्याकाळी लेखक तांड्यावर गेला. युसूफभाई टेकडीकडे येताना वाटेत कोणाच्या शेतात थांबले का, एवढेच विचारायचे होते. चार घरी विचारले. कोणाला काही माहीत नव्हते. गोमलीबाई दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिले नाही. त्यांच्या नवऱ्यानेच उत्तर दिले, “आमी तं दिवसभर घरीच होतो, सायेब.” त्याच्या पायाच्या नखांत शेताचा ओला काळा चिखल होता.

सकाळी हवालदार कागद पुरा करायला बसला, तेव्हा गोमलीबाई दवाखान्यात आल्या. एकट्या, पहिल्या एसटीने. नवरा सोबत नव्हता.

“मले सांगाचं आहे.”

“काय सांगाचं आहे बाई?”

“दोन्ही पंप माह्या घरचे. दवा माह्या घरची. दुकानवाल्यानं सांगतलं तशा दोन दवा एका पानीत टाकल्या. नोजल बंद पडलं. युसूफभाई गाडीवरून टेकडीले चालला होता. म्याच हाक मारली त्याले. म्या हाक मारली नसती तं तो थांबलाच नसता. त्यानं नोजल काढलं, तोंडात धरलं, ओढलं, थुंकलं. परत धरलं. दोन्ही पंपाचे नोजल तसेच केले त्यानं.”

“पोटात गेलं?”

“एकडाव ठसका लागला त्याले. म्या म्हनलं, भिया, थांब, पानी आनते, चूळ भर.” भिया म्हणजे भाऊ, तांड्याच्या बोलीत. “तो म्हने, वर मशीन वाट पाहून राह्यली, वारा चांगला आहे आज. गेला.”

हवालदाराने त्यांच्याकडे पाहिले. “बाई, हे लिहिलं तं उद्या कोनी तुह्यावर ढकलन. तुही दवा, तुहे पंप. घरच्याइले इचारलं का?”

“इचारलं. नाही म्हनले.”

“मंग?”

“मंग काय? पाह्यलं तं म्या ना. त्याह्यनं थोडी पाह्यलं.”

“अंगठा दे इथं.”

“सही येते मले,” गोमलीबाई म्हणाल्या. त्यांनी लेखणी घेतली आणि सावकाश, एकेक अक्षर जोडत, पूर्ण नाव लिहिले. मग हनीफभाईंकडे न पाहता व्हरांड्याच्या टोकाला जाऊन बसल्या. हनीफभाई उठून त्यांच्याजवळ गेले. काय बोलणे झाले ते ऐकू आले नाही. नंतर हनीफभाईंनी नळावरून त्यांना पाणी आणून दिले एवढे दिसले.

युसूफभाई त्याच दिवशी दुपारी गेले. दैनिकात बातमी आतल्या पानावर आली. ‘फवारणी पंप दुरुस्त करताना विषबाधा, मेकॅनिकचा मृत्यू’. चारच ओळी. बाभुळगावात जनाज्याला दुकाने बंद ठेवून लोक आले. तांड्यातूनही काही माणसे आली होती, त्यांत गोमलीबाईंचा नवरा होता. तो मागे, भिंतीला टेकून उभा राहिला आणि शेवटपर्यंत थांबला.

काही दिवसांनी लेखक युसूफभाईंच्या घरी गेला. युसूफभाईंच्या पत्नी शबानाबी इद्दतीत होत्या. नवरा गेल्यावर काही महिने घराबाहेर पडायचे नसते, परपुरुषासमोर यायचे नसते. हनीफभाईंनी बाहेरच्या खोलीत बसवले, चहा दिला. शबानाबी आतल्या दाराच्या पडद्यामागून बोलल्या. आवाज स्थिर होता.

“साहेब, तुमची एक चीज आहे इथं.”

पडद्याखालून मलमलीची पुरचुंडी पुढे आली. हनीफभाईंनी ती उचलून दिली. आत रबरी फुगा होता. कोरा वाटावा इतका स्वच्छ. त्यावर ना तेलाचा डाग होता, ना औषधाचा वास.

“त्याहीनं कोनाले हात लावू देल्ला नाही त्याले,” शबानाबी म्हणाल्या. “पोरीलेबी नाही. मी एकडाव म्हनलं होतं, येवढी चांगली चीज आहे तं दवाईचे पंप ह्यानंच फुंका ना, तोंड कायले लावता? तं मलेच रागावले. म्हने, यडी आहे का? ह्याले दवाई लागली तं साहेबाची मशीन खराब होईन. ती लय साफ हवा मोजते.”

मग त्या म्हणाल्या, “पाहून घ्या. तुमी देल्ला तसाच आहे.”

मोजणी त्या हंगामाच्या शेवटी पुरी झाली आणि आकडे संस्थेकडे गेले. पाठवण्यापूर्वी प्रत्येक दिवस तपासायचा असतो. वारा फिरला, माणूस वाऱ्याच्या बाजूने जवळ आला, नळीत श्वास गेला, असे तास गाळायचे असतात. पंप दुरुस्तीसाठी बंद होता तेवढा थोडा वेळ सोडला तर भाद्रपदातल्या त्या दिवसाचा एकही तास गाळावा लागला नाही. वारा दिवसभर पश्चिमेचा होता. पंप दुरुस्तीनंतर नीट चालला. अमोनिया सर्व हंगामात सर्वांत कमी त्या दुपारी होता. माणसाच्या श्वासाची कुठलीही खूण त्या नोंदीत नाही.